गोगलगाय, जनावर आणि पाणवठा: परजीवी रोगांची अर्धवट राहणारी नोंद

गोगलगायींमार्फत पसरणाऱ्या एखाद्या परजीवी रोगाचा अहवाल हाती आला की माझी नजर त्यात दोन रकाने शोधते: एक जनावरांचा आणि दुसरा पाण्यातल्या गोगलगायींचा. किती लोकांना गोळ्या दिल्या, किती शाळकरी मुलांची तपासणी झाली आणि त्यांतली किती बाधित निघाली, हे बहुतेक अहवालांत असते आणि त्यामागे आरोग्य कर्मचाऱ्यांचे मोठे कष्ट असतात. मात्र गुरांच्या शेणात अंडी सापडली का, पाणवठ्यावरच्या गोगलगायींपैकी किती बाधित होत्या, हे रकाने बऱ्याचदा कोरे असतात किंवा आखलेलेच नसतात. जनावरांच्या शेणाचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यात माझा बराच काळ गेला असल्यामुळे ही उणीव मला अधिक टोचत असेल. तरीही ती खरी आहे, कारण हे परजीवी माणूस, जनावर आणि गोगलगाय अशा तीन ठिकाणी वाढतात आणि आपण त्यांना बहुतेक वेळा एकाच ठिकाणी मोजतो.

या गटातला सर्वांत मोठा रोग शिस्टोसोमियासिस होय. थिओडोर बिल्हार्झ या जर्मन वैद्याला १८५१ मध्ये कैरो येथे शवविच्छेदन करताना त्याचा कृमी, म्हणजे शिस्टोसोमा, रक्तवाहिनीत सापडला, म्हणून त्याला बिल्हार्झिया असेही म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार ७८ देशांमध्ये त्याचा प्रसार नोंदवला गेला आहे, आणि २०२१ मध्ये २५ कोटींहून अधिक लोकांना प्रतिबंधात्मक उपचाराची गरज होती. बाधित माणसाच्या लघवीतून किंवा विष्ठेतून अंडी गोड्या पाण्यात पडतात, ती फुटून सूक्ष्म अळी बाहेर येते आणि काही तासांच्या आत तिला योग्य जातीची गोगलगाय गाठावी लागते. गोगलगायीच्या शरीरात ही एकच अळी अलैंगिक पद्धतीने वाढत जाते आणि काही आठवड्यांनी तिच्यापासून हजारो नव्या अळ्या पाण्यात सुटू लागतात. दुभंगलेल्या शेपटीच्या या अळ्यांना सर्केरिया म्हणतात. पाण्यात उतरलेल्या माणसाच्या त्वचेतून त्या काही मिनिटांत आत शिरतात, शेपटी बाहेरच टाकतात आणि रक्तावाटे फुप्फुस व यकृत असा प्रवास करून मूत्राशयाच्या किंवा आतड्याच्या भोवतालच्या शिरांमध्ये नर-मादीच्या जोडीने वस्ती करतात.

रोगाचे बहुतेक नुकसान प्रौढ कृमी करत नाहीत, त्यांची अंडी करतात. मादी रोज शेकडो अंडी घालते, काही जातींत हा आकडा हजारांवर जातो. त्यांतली बरीचशी अंडी शरीराबाहेर न पडता मूत्राशयाच्या भिंतीत, आतड्यात आणि यकृतात अडकून राहतात आणि त्यांच्याभोवती दाहाच्या गाठी तयार होतात. वर्षानुवर्षे हे चालू राहिले की यकृत निबर होते, पोटात पाणी साचते आणि अन्ननलिकेच्या फुगलेल्या शिरांतून रक्त वाहू शकते. मूत्रमार्गाच्या प्रकारात लघवीतून रक्त जाते आणि पुढे मूत्राशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. स्त्रियांच्या जननमार्गात अडकलेल्या अंड्यांमुळे होणारे विकार तर वर्षानुवर्षे लैंगिक संक्रमण समजून चुकीच्या औषधांनी हाताळले जातात. रोगाचे ओझे आणि त्यासोबत विनाकारण येणारा कलंक, दोन्ही या स्त्रिया सोसतात आणि तपासणीच्या आकड्यांत त्या क्वचितच दिसतात.

प्राझिक्वांटेल हे औषध १९७० च्या दशकात तयार झाले आणि त्याने या रोगाचे चित्र पालटले. एका दिवसात तोंडाने घेण्याचे, स्वस्त आणि पुष्कळसे सुरक्षित असे हे औषध आहे. आधी वापरली जाणारी अँटिमनी या धातूच्या संयुगांची इंजेक्शने किती घातक ठरू शकत, हे इजिप्तने अनुभवले आहे. तिथे १९५० च्या दशकापासून १९८० च्या दशकाच्या आरंभापर्यंत चाललेल्या इंजेक्शनांच्या मोहिमांत नीट निर्जंतुक न केलेल्या सुया पुनःपुन्हा वापरल्या गेल्या आणि हेपॅटायटिस सी मोठ्या प्रमाणावर पसरला. त्या पार्श्वभूमीवर गोळीचे मोल मी मुळीच कमी लेखणार नाही. तिच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. ती प्रौढ कृमी मारते, परंतु नुकत्याच शरीरात शिरलेल्या कोवळ्या कृमींवर तिचा फारसा परिणाम होत नाही, आणि पुन्हा होणारे संक्रमण तर ती मुळीच रोखत नाही. गोळी घेतलेले मूल दुसऱ्याच दिवशी त्याच पाण्यात उतरले, तर चक्र तिथूनच पुन्हा सुरू होते. शिवाय अगदी लहान मुलांना देता येईल असे औषध बराच काळ नव्हते. कडू चव आणि मोठी गोळी या दोन अडचणी दूर करणारे, पाण्यात विरघळणारे नवे रूप आता मान्यता मिळवून वापरात येऊ लागले आहे, ही समाधानाची गोष्ट आहे.

जनावरांचा भाग किती निर्णायक असतो, हे जपानच्या इतिहासाइतके स्पष्ट कुठेच दिसत नाही. तिथल्या यामानाशी प्रांतातील कोफू खोरे आणि हिरोशिमा प्रांतातील काटायामा परिसर या भागांत भातशेती करणाऱ्यांना पोट फुगून माणूस खंगत जाणारा एक आजार पिढ्यान्‌पिढ्या होत असे, आणि तो शिस्टोसोमियासिसच होता. १९०४ मध्ये कात्सुरादा यांना या रोगाचा प्रौढ कृमी प्रथम सापडला तो एका मांजरात. माणसाच्या रोगाचा उलगडा जनावराच्या शरीरातून झाला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. रोग पाणी पिण्यातून होतो की पाण्यात उतरण्यातून, हा त्या काळचा वादाचा प्रश्न होता. १९०९ मध्ये फुजिनामी आणि नाकामुरा यांनी काही गुरांची तोंडे बंद ठेवून आणि काहींचे पाय झाकून त्यांना बाधित शेतांत सोडले. तोंड बंद पण पाय उघडे असलेल्या गुरांना रोग झाला, पाय झाकलेल्यांना झाला नाही. त्वचेवाटे प्रवेश होतो, हे त्यातून ठरले. १९१३ मध्ये मियाइरी आणि सुझुकी यांनी ज्या लहानशा गोगलगायीत अळ्या वाढतात तीही शोधून काढली.

पुढचे काम मात्र अनेक दशके चालले. गोगलगायी वेचणे, चुना आणि नंतर रसायने टाकणे, आणि अखेरीस शेतांतल्या मातीच्या चाऱ्यांना सिमेंटचे अस्तर देणे, असे ते टप्पे होते. ही गोगलगाय पाण्यापेक्षा ओलसर, गवताळ काठावर अधिक राहते. सिमेंटच्या गुळगुळीत चारीत पाणी वेगाने वाहते, काठाला चिखल आणि गवत राहत नाही, म्हणून ती तिथे टिकत नाही. जपानमध्ये माणसाला नव्याने संक्रमण झाल्याची नोंद १९७७ नंतर नाही आणि यामानाशी प्रांताने १९९६ मध्ये रोग संपल्याचे जाहीर केले. या यशाबद्दल मला नितांत आदर आहे. त्यात मिळकतीचा वाटा मोठा होता हेही मान्य केले पाहिजे, कारण हजारो किलोमीटर चाऱ्या सिमेंटने बांधणे प्रत्येक देशाला परवडणारे नाही, आणि त्या ओलसर काठांवर जगणारे इतर जीवही त्यासोबत गेले.

चीनने त्याच जातीच्या परजीवीशी कितीतरी मोठ्या भूप्रदेशावर झुंज दिली. यांगत्से नदीच्या खोऱ्यात आणि त्यातल्या सरोवरांच्या काठी १९५० च्या दशकात एक कोटीहून अधिक लोक बाधित असल्याचा अंदाज होता. तिथे या कृमीला माणसाखेरीज चाळीसहून अधिक सस्तन प्राण्यांमध्ये वाढता येते, आणि त्यांत पाणम्हशीचे स्थान सर्वांत वरचे आहे, कारण ती दिवसाचा बराच काळ पाण्यात किंवा काठावर असते आणि तिचे शेण थेट गोगलगायींच्या वस्तीतच पडते. गोळ्यांवर भर देणाऱ्या मोहिमांनी बाधितांची संख्या खाली आणली. तरीही मोहीम थंडावली की काही भागांत ती पुन्हा वर येत असे, कारण म्हशी आणि गाई पूर्ववत चरतच होत्या. जिआंगशी प्रांतात पोयांग सरोवराजवळच्या काही गावांत म्हणून वेगळा मार्ग घेण्यात आला. गोगलगायींच्या कुरणांवरून गुरे हटवली, शेतकऱ्यांना नांगरटीसाठी यंत्रे दिली, घरोघरी नळ आणि संडास आले, आणि मासेमारीच्या होड्यांवर विष्ठा साठवण्याची भांडी ठेवली गेली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एका गावातले संक्रमण ११.३ टक्क्यांवरून ०.७ टक्क्यांवर आणि दुसऱ्या गावातले ४ टक्क्यांवरून ०.९ टक्क्यांवर आले, तर नेहमीचेच उपाय चालू असलेल्या शेजारच्या गावांत अशी घट दिसली नाही.

या अभ्यासातली होडीवरची भांडी मला विशेष महत्त्वाची वाटतात. आठवड्यामागून आठवडे पाण्यावर राहणाऱ्या कोळ्यांची विष्ठा सरोवरात जाणार, हे कोणीतरी त्यांच्यासोबत राहून पाहिले असले पाहिजे, त्याशिवाय असा उपाय सुचत नाही. कार्यालयात बसून आखलेल्या योजनेत संडास गावात बांधले जातात आणि माणसे मात्र पाण्यावर असतात. पाहणी म्हणजे केवळ नमुने गोळा करणे नव्हे, कोण कधी कुठल्या पाण्यात उतरते आणि कुठली जनावरे कुठे पाणी पितात याची बारकाईने केलेली नोंदही त्यातच येते.

आता गोगलगायींच्या पाहणीकडे येतो, कारण हे काम प्रत्यक्ष कसे होते याची कल्पना फार थोड्यांना असते. लोक जिथे कपडे धुतात, अंघोळ करतात किंवा गुरे पाण्यावर आणतात, अशा जागा निश्चित करतात. रबरी बूट आणि कोपरापर्यंतचे हातमोजे घालून, लांब दांड्याच्या जाळीदार डावाने काठालगतचे गवत, बुडलेली पाने आणि दगड ठरावीक वेळ चाळतात. प्रत्येक वेळी तेवढाच वेळ चाळायचे, नाहीतर दोन महिन्यांच्या आकड्यांची तुलनाच करता येत नाही. सापडलेल्या गोगलगायी ओल्या पानांत गुंडाळून प्रयोगशाळेत आणतात, धुतात, शंखाचा आकार आणि वळणाची दिशा पाहून जाती वेगळ्या करतात आणि मग प्रत्येक गोगलगाय थोड्या स्वच्छ पाण्यासह छोट्या काचेच्या कुपीत एकटी ठेवतात. कुपी काही तास उजेडात ठेवल्या की खरी तपासणी सुरू होते.

माणसात वाढणाऱ्या आफ्रिकेतल्या दोन प्रमुख जातींच्या सर्केरिया प्रकाशाच्या चाहुलीने, साधारणपणे दुपारच्या सुमारास सर्वाधिक बाहेर पडतात. माणसे पाण्यात उतरण्याची वेळही तीच असते. कुपीमागे काळा कागद धरून भिंगातून पाहिले, तर बाधित गोगलगायीच्या पाण्यात उन्हाच्या तिरिपेतल्या धुळीसारखे पांढुरके कण हलताना दिसतात. त्यांतला एक थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की दुभंगलेली शेपटी ओळखू येते. तिथेही घाई करून चालत नाही, कारण पक्ष्यांच्या आणि गुरांच्या शिस्टोसोमांच्या अळ्याही अशाच दुभंगलेल्या शेपटीच्या असतात, आणि खात्रीसाठी आता डीएनएची चाचणी करावी लागते. शंभर गोगलगायी तपासून एकही बाधित न सापडणे हे रोगग्रस्त पाणवठ्यावरही अगदी सामान्य आहे. संक्रमित गोगलगायींचे प्रमाण बहुधा फार कमी असते आणि ऋतूप्रमाणे बदलते. म्हणून एकदाच केलेल्या पाहणीवरून पाणवठा सुरक्षित ठरवणे मला अत्यंत धोक्याचे वाटते. वर्षभर, ठरावीक अंतराने आणि त्याच जागी पाहणी करणे खर्चिक आहे खरे, पण तिला पर्याय नाही.

गोगलगायी मारण्याचे उपाय बरेच आहेत आणि प्रत्येकाला किंमत आहे. आज निक्लोसामाइड हेच मुख्य रसायन वापरले जाते. ते अगदी थोड्या मात्रेतही गोगलगायी मारते आणि सूर्यप्रकाशात लवकर विघटित होते, पण माशांनाही मारते. ज्या गावाचे पोट मासेमारीवर आहे तिथे ते कुठेही आणि कधीही ओतता येत नाही. शिवाय गोगलगायींची चिकाटी विलक्षण असते. या रोगाशी संबंधित काही जाती उभयलिंगी असून एकटी गोगलगायसुद्धा स्वतःच फलन करून नवी वस्ती उभी करू शकते, आणि काही जाती पाणी आटल्यावर चिखलात महिनोन्‌महिने निपचित पडून राहतात. फवारणीनंतर काही महिन्यांतच त्यांची संख्या पूर्ववत होते. इथिओपियाचे अक्लिलु लेम्मा यांनी १९६४ मध्ये पाहिले की ज्या ठिकाणी स्त्रिया एंडोड नावाच्या झुडपाच्या फळांनी कपडे धुतात, त्याच्या खालच्या अंगाला मेलेल्या गोगलगायी तरंगतात. त्या वनस्पतीवर त्यांनी पुढे आयुष्यभर काम केले. स्थानिक लोकांच्या रोजच्या कामाकडे इतक्या लक्षपूर्वक पाहणारे वैज्ञानिक मला फार मोलाचे वाटतात.

सेनेगल नदीची हकिकत याहून अधिक शिकवणारी आहे. समुद्राचे खारे पाणी शेतीत येऊ नये म्हणून नदीच्या मुखाजवळ दियामा धरण बांधले गेले आणि ते १९८६ मध्ये पूर्ण झाले. वर्षभर गोडे, संथ पाणी मिळाल्यामुळे ऊस आणि भाताला फायदा झाला, पण गोगलगायींनाही हवे ते सर्व मिळाले, आणि १९८८ मध्ये रिशार तोल परिसरात आतड्यांच्या शिस्टोसोमियासिसचे रुग्ण दिसू लागले. काही वर्षांतच तिथली बहुसंख्य माणसे बाधित झाली. याच धरणाने आणखी एक गोष्ट केली होती. गोगलगायी खाणारी नदीतली मोठी कोळंबी अंडी घालण्यासाठी मचूळ पाण्यात जाते, आणि तिचा मार्ग धरणाने बंद केला. लॅम्पसार गावाजवळ संशोधकांनी कोळंबी पुन्हा सोडली तेव्हा बाधित गोगलगायी घटल्या आणि लोकांमधल्या अंड्यांचे प्रमाणही कमी झाले. त्याच खोऱ्यातल्या दुसऱ्या अभ्यासात, जो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, पाणवठ्यांवर दाटलेल्या पाणवनस्पती काढून टाकल्या. शेतातून वाहून येणाऱ्या खतांमुळे या वनस्पती माजतात आणि गोगलगायींना आसरा देतात. त्या काढल्यावर मुलांना पुन्हा संक्रमण होण्याचे प्रमाण घटले, आणि काढलेल्या वनस्पतींपासून जनावरांचा चारा व शेतासाठी खतही झाले. लोकांना ताबडतोब उपयोग दिसेल असा उपाय टिकण्याची शक्यता अधिक असते, म्हणून या प्रयोगाकडून मला विशेष आशा आहे. धरण किंवा कालवा आखतानाच गोगलगायींचा अंदाज घेण्याची सक्ती असायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

यकृतातल्या पर्णकृमीची, म्हणजे फॅसिओलाची गोष्ट वेगळी आहे, कारण इथे जनावर हाच मुख्य यजमान आहे. इंग्लंडमध्ये १८७९-८० च्या सुमारास या कृमीने सुमारे तीस लाख मेंढ्या मेल्या आणि त्या हानीमुळेच संशोधनाला पैसा मिळाला. १८८० च्या दशकाच्या आरंभी ऑक्सफर्डचे ॲल्जर्नन थॉमस आणि जर्मनीतील रुडॉल्फ ल्यूकार्ट यांनी स्वतंत्रपणे तिचे जीवनचक्र उलगडले. या जातीच्या सर्केरिया त्वचेतून शिरत नाहीत. त्या पाण्याजवळच्या गवताला चिकटून कवच धारण करतात आणि चरणाऱ्या जनावराच्या पोटात जातात. पाण्यात वाढणाऱ्या भाज्या कच्च्या खाल्ल्या तर माणसालाही तोच संसर्ग होतो. बोलिव्हियाच्या उत्तरेकडील सुमारे चार हजार मीटर उंचीच्या पठारावर माणसांमधले संक्रमण जगात सर्वाधिक आढळले असून तिथे मेंढ्या आणि गाईंबरोबरच डुकरे आणि गाढवेही संसर्गाचा साठा टिकवून ठेवतात. जंतनाशक केवळ मेंढ्यांना दिले तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

पर्णकृमीच्या बाबतीत देखरेखीचे एक साधन मला अतिशय सुंदर वाटते, ते म्हणजे हवामानावरून केलेला अंदाज. अंडी आणि गोगलगायीतल्या अळ्या साधारण १० अंश सेल्सिअसच्या खाली वाढत नाहीत, आणि ओल नसेल तर गोगलगायही हालचाल करत नाही. या दोन गोष्टींच्या आधारे ऑलरेनशॉ आणि रोलँड्स यांनी १९५९ मध्ये पाऊस, बाष्पीभवन आणि पावसाळी दिवस यांचे एक गणित मांडले, ज्यावरून येत्या हंगामात मेंढ्यांना धोका किती हे आधीच सांगता येऊ लागले. शेणाच्या तपासणीने हे साधत नाही, कारण कृमी शिरल्यापासून अंडी दिसू लागेपर्यंत दहा ते बारा आठवडे जातात, आणि तीव्र संसर्गात मेंढी त्याआधीच मरते. कत्तलखान्यातल्या यकृतांची नोंद हेही उत्तम साधन आहे. निकृष्ट ठरवून फेकलेले प्रत्येक यकृत कुठल्या कळपातले होते, एवढे लिहून ठेवले तरी नकाशा तयार होतो. पण ती माहिती पशुवैद्यक विभागाच्या वहीत राहते आणि माणसांच्या डॉक्टरपर्यंत पोहोचत नाही, याची मला नेहमी खंत वाटते. ट्रायक्लाबेंडाझोल या प्रभावी औषधाला दाद न देणारे कृमी १९९० च्या दशकातच ऑस्ट्रेलियातल्या मेंढ्यांमध्ये आढळले. माणसांसाठीही तेच मुख्य औषध असल्यामुळे कळपातला प्रतिरोध हा दोन्ही खात्यांचा प्रश्न ठरतो.

कच्च्या माशांतून पसरणारे यकृतकृमी याच गटातले आहेत. थायलंडच्या ईशान्य भागात आणि मेकाँग नदीच्या परिसरात ओपिस्थॉर्किस या कृमीमुळे पित्तनलिकेचा कर्करोग होतो. खोन काएन प्रांतातल्या लावा तलावाभोवती उपचार, शाळांतले शिक्षण, मासे व गोगलगायींची तपासणी आणि कुत्र्या-मांजरांकडे लक्ष या सर्व गोष्टी एकत्र चालवल्या गेल्या आणि तो प्रयोग इतरांना दाखला ठरला. उंदीर आणि गोगलगायी यांच्यात फिरणारा अँजिओस्ट्राँजायलस हा फुप्फुसकृमी माणसात शिरला तर मेंदूच्या आवरणाचा दाह करतो. कच्ची किंवा अर्धकच्ची गोगलगाय खाणे, अथवा न धुतलेल्या पालेभाजीवरची लहानशी गोगलगाय नकळत पोटात जाणे, ही त्याची कारणे आहेत.

जनावर आणि माणूस यांचे परजीवी वेगवेगळे, ही समजूतही आता ढिली पडली आहे. २०१३ च्या उन्हाळ्यात फ्रान्सच्या कॉर्सिका बेटावर कावू नदीत पोहलेल्या अनेक पर्यटकांना मूत्रमार्गाचा शिस्टोसोमियासिस झाला. ज्या खंडात हा रोग संपल्याचे मानले जात होते तिथे हे घडले, आणि तपासणीत माणसाचा शिस्टोसोमा आणि गुरांचा शिस्टोसोमा यांचा संकर सापडला. असे संकर पश्चिम आफ्रिकेतही आढळतात. गुरांत कुठली जात फिरते हे माहीत नसेल, तर संकराचा धोकाही कळणार नाही. नारूचा दाखलाही इथे देण्यासारखा आहे, जरी त्याचा मध्यस्थ गोगलगाय नसून पाण्यातला सूक्ष्म कवचधारी जीव आहे. १९८६ मध्ये अंदाजे ३५ लाख रुग्ण असलेला हा रोग २०२३ मध्ये १४ रुग्णांवर आला. परंतु चाड देशात २०१२ पासून कुत्र्यांमध्ये तोच कृमी मोठ्या संख्येने आढळू लागला, आणि शेवटचा टप्पा लांबला. बाधित कुत्री बांधून ठेवणे आणि माशांची आतडी पुरणे ही कामे आता त्या मोहिमेचा गाभा झाली आहेत.

संख्या कमी झाल्यावर तपासणीची साधनेच अपुरी पडू लागतात. काटो-कात्झ पद्धतीत ४१.७ मिलिग्रॅम विष्ठेचा पातळ थर ग्लिसरीनमध्ये भिजवलेल्या सेलोफेनखाली पाहतात आणि सापडलेल्या अंड्यांना २४ ने गुणून एका ग्रॅममागचा आकडा काढतात. कुठेही सूक्ष्मदर्शकावर करता येणारी ही पद्धत मला प्रिय आहे. परंतु एका काचपट्टीवर एकही अंडे न दिसणे म्हणजे दर ग्रॅमला चोवीसपेक्षा कमी अंडी असणे, एवढेच. संसर्ग नाही असा त्याचा अर्थ होत नाही. म्हणून कमी संसर्गाच्या भागात लघवीतील कृमीच्या प्रतिजनाची (कृमीने शरीरात सोडलेल्या पदार्थाची) चाचणी, रक्ततपासणी, पाण्यातील डीएनएचा शोध आणि गोगलगायींची रेण्वीय तपासणी यांची जोड द्यावी लागते. प्रत्येक चाचणीची उत्तरे वेगळी येतात. एखाद्या कार्यक्रमाने चाचणी बदलली आणि आकडा एकदम वाढला, तर रोग वाढला असे समजून घाबरून जाणे किंवा जुन्या पद्धतीकडे परतणे, दोन्ही चूक आहे. जुन्या आणि नव्या चाचण्या काही काळ एकाच गावात समांतर चालवल्या पाहिजेत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये शिस्टोसोमियासिसच्या उपचारासंबंधी ज्या सूचना दिल्या, त्यांत शाळकरी मुलांपलीकडे जाऊन दोन वर्षांपुढील सर्वांना उपचारात घेण्याची शिफारस आहे, आणि पाणी, स्वच्छता तसेच गोगलगाय नियंत्रण यांनाही स्थान आहे. जनावरांचा वाटा मात्र अजूनही वेगळ्या खात्याच्या ताब्यात राहतो. मला हवी ती व्यवस्था साधी आहे: एकाच पाणवठ्याच्या नावाखाली माणसांची तपासणी, गुरांच्या शेणाची तपासणी आणि गोगलगायींची पाहणी एकाच महिन्यात व्हावी आणि एकाच नोंदवहीत लिहिली जावी. ज्या महिन्यात माणसांमध्ये काहीच सापडले नाही, त्या महिन्यातही बाकीचे दोन रकाने भरले जावेत. प्रौढ शिस्टोसोमा माणसाच्या शिरांत सामान्यतः तीन ते दहा वर्षे आणि क्वचित त्याहून कितीतरी अधिक जगतो. त्यामुळे शेवटचा रुग्ण बरा झाल्यावरही निदान एका दशकाची तरतूद पाहणीसाठी हवी, आणि ती उपचारांच्या निधीतून न काढता स्वतंत्रपणे मंजूर व्हायला हवी.